खिडकीपाशी मांडलेल्या चार वस्तू

रत्नागिरीचे नाव परगावी काढले की समोरचा माणूस हमखास दोन गोष्टी काढतो. एक हापूस आंबा आणि दुसरे मनोरुग्णालय. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथली सरकारी मनोरुग्णालये साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. त्यामुळे 'याला आता रत्नागिरीला पाठवा' ही थट्टा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. एसटीत ऐकली, लग्नाच्या मांडवात ऐकली, मुंबईच्या चाळीतही ऐकली. थट्टेचे आम्हांला फारसे काही वाटत नाही. वाईट एवढ्याचेच वाटते की मन हा शब्द आपल्या घरात ते बिघडल्यावरच निघतो. ताप आला तर आपण कपाळाला हात लावून बघतो. पोट दुखले तर नेमके कुठे दुखते ते विचारतो. पण चांगल्या चालत्याबोलत्या माणसाच्या मनात काय आहे ते बघायचे कसे, हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

या लेखात आम्ही वाचक बंधुभगिनींना त्याची एक साधी रीत सांगणार आहोत. ती आमची नाही. जगात पावणेदोनशेहून अधिक वर्षे ती चालत आलेली आहे. एक टेबल, घरातल्या चार वस्तू, खिडकीतला उजेड आणि कॅमेरा एवढेच तिला लागते. आधी वस्तू मांडायच्या आणि मग त्या मांडणीचा फोटो काढायचा. याला मांडणीचे स्थिरचित्र म्हणतात. फोटोत माणूस नसतो. तरीही नीट पाहिले तर मांडणाऱ्याचे मन त्यात दिसते. आमच्या घरी ते कसे दिसले, तेही पुढे सांगतो.

परीक्षेतला तांब्या आणि वांगी

हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या मुलांनी शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या असतील. एलिमेंटरीला वस्तुचित्राचा पेपर असतो आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्राचा. वर्गाच्या मध्ये स्टुलावर एक कापड टाकतात. त्यावर तांब्या, दोन वांगी, एखादा कांदा, कधी बरणी ठेवतात. मुले भोवती बसून ते रंगवतात. आपल्याच जिल्ह्यात सावर्डे आणि देवरुख येथे कला महाविद्यालये आहेत. तिथे पुढे जाणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचा पायाही असल्याच मांडण्यांवर घातला जातो.

परीक्षेत मांडणी सरांची असते. मुलाने फक्त हुबेहूब काढायचे असते. पण समजा सरांनी सांगितले, "आज तुझ्या घरातल्या कोणत्याही चार वस्तू आण आणि तुला वाटेल तशा ठेव." मग एक मूल क्रिकेटचा चेंडू आणील, दुसरे आजीचा चष्मा आणील. तिसरे आणील वडिलांची रिकामी बाटली आणि ती पुढे न ठेवता कापडाच्या घडीमागे ठेवील. सरांना काही न विचारता बरेच कळेल. हुबेहूब काढणे हा हाताचा अभ्यास झाला. काय आणले, काय पुढे ठेवले आणि काय लपवले, यात मनाचा अभ्यास आहे.

कॅमेऱ्याचा पहिला विषय

छायाचित्रणाच्या अगदी आरंभी माणसांआधी वस्तूच कॅमेऱ्यापुढे बसल्या. फ्रान्सच्या लुई दागेरने १८३७ साली खिडकीपाशी प्लॅस्टरचे पुतळे, वेताच्या वेष्टनातली बाटली आणि एक चौकटीतले चित्र मांडले आणि त्याचे छायाचित्र घेतले. त्याच्या हातची जी सर्वांत जुनी छायाचित्रे टिकली त्यांत हे धरले जाते. कारण सरळ होते. त्या काळी एका चित्राला कित्येक मिनिटे उजेड लागे. माणूस हलतो, डोळे मिटतो. पुतळा हलत नाही.

इंग्लंडचा फॉक्स टॅल्बट हा दुसरा आद्य छायाचित्रकार. १८४४ पासून त्याने छायाचित्रांचे जे पुस्तक भागांभागांनी काढले, त्यात चिनी मातीची भांडी फळीवर ओळीने मांडलेला एक फोटो आहे. त्याचा उपयोग सांगताना टॅल्बटने व्यवहार पाहिला. उद्या चोराने भांडी पळवली तर हा फोटो पुरावा म्हणून दाखवता येईल, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे वस्तूंचा फोटो सुरुवातीला मालाची यादी म्हणून उपयोगाचा ठरला. त्यात माणसाचे मन उतरते हे लोकांच्या ध्यानात यायला पुढे बराच काळ गेला.

अमेरिकेत अल्फ्रेड स्टिग्लिट्झ याने १९२२ पासून ढगांचे फोटो काढले आणि पुढे त्यांना 'समतुल्य' अशा अर्थाचे नाव दिले. बाहेरचा आकार आणि आतली भावना यांची बरोबरी होऊ शकते, असे त्याचे सांगणे होते. १९३० साली एडवर्ड वेस्टन याने एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला. पत्र्यावरून परतलेला उजेड मिरचीच्या वळणांवर असा पडला की ती पाठ वळवून बसलेल्या माणसासारखी दिसते. मिरची तीच, आपल्या बाजारात मिळते तशी. पाहणाऱ्याने तिच्यात शरीर पाहिले आणि आपल्यालाही ते पाहायला लावले.

एका हाताचा छायाचित्रकार

या सगळ्यांत आम्हांला जवळचा वाटतो तो प्राग शहराचा योसेफ सुदेक. तो कामगार होता. त्याचा जन्म १८९६ सालचा. त्याने पुस्तकबांधणीचे काम शिकून घेतले होते. पहिल्या महायुद्धात त्याला सैन्यात भरती केले आणि इटलीच्या आघाडीवर तो जखमी झाला. उजवा हात खांद्यापासून काढावा लागला. पुस्तक बांधायला दोन हात लागतात. शिकलेला धंदा एका दिवसात गेला. यंत्रात हात गेलेले कामगार आपल्या ओळखीत आहेत, त्यामुळे याचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको.

सुदेक जखमी सैनिकांच्या निवासात राहिला. पुढे त्याने छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण घेतले. अवजड लाकडी कॅमेरा आणि त्याचे तीन पाय तो एका हाताने हाताळी. एका अंगणात लाकडी खोपटासारखा त्याचा स्टुडिओ होता. १९३९ साली हिटलरच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या. शहरात कॅमेरा घेऊन हिंडणे धोक्याचे झाले. तेव्हा त्याने त्या खोपटाच्या खिडकीकडे कॅमेरा वळवला. १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षे तो त्या एका खिडकीचे फोटो काढत राहिला. काचेवर साचलेले दव, बाहेरचे वाकडे झाड आणि खिडकीच्या फळीवर मांडलेल्या वस्तू. पाण्याचा अर्धा भरलेला पेला. एक अंडे. पावाचा तुकडा. कांदा.

या फोटोंत सैनिक नाही, झेंडा नाही. पण पाण्याच्या त्या पेल्याकडे पाहिले की दार बंद करून आत बसलेल्या माणसाची शांतता आणि त्याची भीती दोन्ही जाणवतात. आपण घरात कोंडले गेलो हे त्याने कुणाला बोलून दाखवले नाही, पेला ठेवून दाखवले. २०२० साली टाळेबंदीत आपण सगळे घरात अडकलो होतो. तेव्हा तुमच्या खिडकीत काय ठेवलेले होते ते आठवून पाहा. साबणाची वडी, धुतलेला मास्क, किराण्याची संपत आलेली पिशवी. त्या तीन वस्तूंचा फोटो आज हाती असता, तर पुढच्या पिढीला त्या दिवसांविषयी आपल्याला फार बोलावे लागले नसते.

ठाण्याची लेक आणि फ्रिज

ही गोष्ट परदेशापुरती नाही. ठाण्यात १९८० साली जन्मलेल्या आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या प्राजक्ता पोतनीस या चित्रकर्तीने फ्रिजमध्येच मांडणी केली. रोजच्या भाज्या, रोजच्या वस्तू, वर साचलेला बर्फ आणि आतला तो पांढुरका दिवा. दार उघडून आपण दूध काढतो आणि बंद करतो. त्यांनी त्या कप्प्याकडे एखाद्या रंगमंचासारखे पाहिले. फ्रीझरमध्ये ठेवलेला फ्लॉवरचा गड्डा त्यांच्या फोटोत बॉम्बस्फोटाच्या ढगासारखा दिसतो. त्यांचे काम २०१४ साली कोचीच्या मोठ्या कलाप्रदर्शनात मांडले गेले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये त्यांनी 'किचन डिबेट' नावाचे काम दाखवले. १९५९ साली मॉस्कोतल्या प्रदर्शनात अमेरिकेचे निक्सन आणि रशियाचे ख्रुश्चेव्ह एका नमुन्याच्या स्वयंपाकघरात उभे राहून भांडले होते, त्याचा त्या नावाला संदर्भ आहे.

आपल्या आयाबहिणींनी याकडे लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते. स्वयंपाकघर म्हणजे मायेची जागा, असे सगळे म्हणतात. पण तिथे धास्तीही असते. भाजीवर काय फवारले आहे, गॅस कधी संपेल, रात्रीचे उरलेले पोरांना चालेल का, महागाईत उद्याचे काय. ही धास्ती बाई कुणाजवळ बोलत नाही. पोतनीसांनी ती फ्रिजमध्ये मांडून दाखवली.

वाळूच्या ट्रेमधले जग

वस्तू मांडताना मन का उघडते, याचा विचार डॉक्टरांनीही केला आहे. लंडनच्या डॉ. मार्गारेट लोवेनफेल्ड या मुलांच्या डॉक्टर होत्या. १९२९ च्या सुमारास त्यांनी आपल्या केंद्रात वाळूचा ट्रे आणि छोटी घरे, झाडे, जनावरे, माणसे यांची खेळणी ठेवली. जी मुले विचारले तर बोलत नसत, ती वाळूत मांडामांड करू लागली. घराभोवती कुंपणावर कुंपण, एकटे उभे असलेले बाहुले, वाळूत पुरलेली गाडी. मुले त्या मांडणीला 'जग' म्हणू लागली आणि उपचाराच्या त्या पद्धतीला तेच नाव पडले.

आपल्याकडच्या मुली भातुकली मांडतात, तेव्हा दुसरे काय होते? कोणत्या बाहुलीला आधी वाढले आणि कोणाला कोपऱ्यात बसवले, हे थोडे लक्ष देऊन पाहिले तर घरातली सगळी हकीकत समजते. बोलताना माणूस शब्द तोलून वापरतो. वस्तू ठेवताना तेवढी सावधगिरी राहत नाही.

पाली भाषेत 'सति' हा शब्द आहे. विहारात तो आपण ऐकतो. त्याचा एक अर्थ स्मरण आणि दुसरा अर्थ जागरूकता, आत्ता जे आहे त्याच्याकडे नीट लक्ष देणे. आठवण आणि लक्ष या दोन्हींना एकच शब्द. टेबलावरची मांडणी करताना या दोन्हींचे काम पडते, हा आमचा अनुभव आहे. तो आता सांगतो.

आमच्या पडवीतले टेबल

आमचे बाबा ऐंशीच्या घरात आहेत. तरुणपणी मुंबईला गेले आणि कापडगिरणीच्या स्पिनिंग खात्यात लागले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संपानंतर जे परत कामावर गेले नाहीत त्यांतले बाबा एक. ते गावी आले. आंब्याच्या बागेत राखण केली, गड्यासारखे राबले, आम्हां भावंडांना शिकवले. आई सात वर्षांपूर्वी गेली.

गेल्या दोन वर्षांत बाबांचे विसरणे वाढले. आधी चष्मा विसरत, मग वाट विसरू लागले. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीने दिला. म्हणजे तो आमच्याच घरी आला असे नाही. पण ज्याच्या घरी येतो त्याला तसे वाटतेच.

त्या सुमारास आमच्या वाचनात ऑलिव्हिया पार्कर या अमेरिकन छायाचित्रकर्तीचे काम आले. त्या १९४१ सालच्या. आयुष्यभर त्यांनी वस्तू मांडून फोटो काढले. पुढे त्यांच्या पतींना अल्झायमर झाला. पतीच्या डोक्यात काय होत असेल, जग त्यांना कसे दिसत असेल, हे समजून घ्यायला त्यांनी पुन्हा वस्तूंचाच आधार घेतला आणि एक फोटोमालिका केली. २०१९ साली अमेरिकेतल्या सेलम गावच्या पीबॉडी एसेक्स संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. वाचून आमच्या मनात आले, आपणही बाबांचा असा एक फोटो करावा. त्यांच्या वस्तू एकत्र पाहून त्यांना काही आठवेल.

जुलैचा महिना होता. बाहेर पावसाची झड लागलेली. पडवीच्या खिडकीपाशी आम्ही टेबल ओढले, त्यावर आईची जुनी काळी घोंगडी टाकली. पेटीतून आणि माळ्यावरून बाबांच्या वस्तू काढल्या. गिरणीचा पास. लाकडी बॉबिन. कामावर न्यायचा तीन पुडांचा डबा. बंद पडलेले मनगटी घड्याळ. आमच्या धाकट्या बहिणीने भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर उतरवायला हात घातला, तेव्हा बाबा जागेवरूनच म्हणाले, "ती भिंतीव ऱ्हावदे. टेबलाव नको." तेवढे त्यांना नीट कळत होते.

आम्ही मांडणी केली. डबा मागे, पास पुढे, बॉबिन आडवी, घड्याळ कडेला. फोटो चांगला आला. आम्ही मोबाइल बाबांच्या हातात दिला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "यात तुजी आय कुटं हाय?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. बहिणीने खाली मान घातली. बाबा उठले. कोनाड्यातून आईचा अडकित्ता घेतला आणि टेबलावर मधोमध ठेवला. मग पेटीकडे गेले. तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या कागदाखाली हात घातला आणि पिवळा पडलेला एक चिटोरा काढला. मनीऑर्डरची पोचपावती. ज्या काळी बाबा मुंबईहून पैसे पाठवत, तेव्हा पोस्टमन आईचा अंगठा घेई आणि तो कागद परत बाबांकडे जाई. आईला लिहिता येत नव्हते. ती पत्र पाठवत नव्हती. दर महिन्याला तिच्याकडून बाबांना यायचा तो हा निळा अंगठा. ती पावती त्यांनी चाळिसाहून जास्त वर्षे जपून ठेवली होती आणि आम्हां मुलांना ते ठाऊक नव्हते.

ती त्यांनी अडकित्त्याला टेकवून उभी केली. पास उचलून आमच्या हातात परत दिला. म्हणाले, "ह्ये नको." घड्याळही नको म्हणाले. डबा राहू दिला, पण झाकण उघडून ठेवले. मग म्हणाले, "आता काड."

वाचकहो, रात्री आम्ही ते दोन्ही फोटो शेजारीशेजारी ठेवून पाहिले. पहिला फोटो बाबांचा आहे असे आम्ही समजत होतो. तो आमचा निघाला. पास, बॉबिन, डबा, घड्याळ, म्हणजे कामावर जाणारा, वेळ पाळणारा, पगार आणणारा बाप. आमच्या मनात बाप एवढाच होता. आणि जिने आयुष्यभर चूल, शेत आणि आम्ही भावंडे सांभाळली ती आई आमच्या मांडणीत नव्हती. तिची घोंगडी आम्ही खाली अंथरली होती, पण तिची आठवण म्हणून नव्हे, कापड काळे होते म्हणून. दुसऱ्या फोटोत बाबांचे मन होते. आजाराने त्यातून पुष्कळ नेले, पण काय ठेवायचे ते त्यांना अजून समजत होते.

बाबा त्यामुळे बरे झाले असे आम्ही सांगणार नाही. तसे झालेले नाही. तो फोटो आता कागदावर छापून त्यांच्या खाटेजवळ लावला आहे. काही दिवशी ते विचारतात, हे कोणाचे सामान? काही दिवशी त्या निळ्या अंगठ्यावर बोट ठेवून बसतात. आमच्यात मात्र फरक पडला. पूर्वी त्यांना काही आठवले नाही की आम्ही गिरणीचे, संपाचे विचारायचो आणि ते चिडायचे. आता आईचे विचारतो. पुष्कळदा ते बोलायला लागतात.

घरी करून पाहायचे असेल तर

याला खर्च नाही. साधा मोबाइल पुरतो. मांडणी खिडकीच्या बाजूला ठेवावी म्हणजे उजेड एका अंगाने पडेल. घरातले दिवे बंद करावेत, नाहीतर दोन रंगांचे उजेड मिसळून वस्तू पिवळट दिसतात. कडक ऊन नको. कोकणातला पावसाळी उजेड या कामाला फार चांगला, कारण तो मऊ असतो आणि सावल्या काळ्याकुट्ट होत नाहीत. अंधाऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा किंवा धुतलेला टॉवेल उभा केला की तिकडेही थोडा उजेड परततो. मागे काळी छत्री उघडून ठेवली तरी पडद्याचे काम होते. मोबाइल हातात न धरता डब्याला टेकवावा आणि तीन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे फोटो हलणार नाही. पडद्यावर मुख्य वस्तूवर बोट दाबून धरले की तीच स्पष्ट राहते.

वस्तू चार-पाचच घ्याव्यात. जास्त घेतल्या की दुकान मांडल्यासारखे होते. घरातल्या प्रत्येकाने आपापली मांडणी वेगळी करावी. दुसऱ्याने मध्ये हात घालू नये आणि हसू नये. एक फोटो झाला की त्यातली एक वस्तू काढून दुसरा घ्यावा. मग स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. सर्वांत आधी मी काय उचलले? कोणती वस्तू काढवत नव्हती? आणि जे यायला हवे होते ते कोणते आलेच नाही? तिसऱ्या प्रश्नाला घाई करू नये. आम्हांला तर त्याचे उत्तर बाबांनी दिले.

मुलांना कधी सांगावे, 'शाळा' या विषयावर चार वस्तू मांड. नवऱ्याने बायकोच्या दिवसावर मांडणी करावी आणि बायकोने नवऱ्याच्या. कोणी गेले असेल, तर त्या माणसाच्या वस्तू वाटून टाकण्याआधी एकदा एकत्र ठेवून फोटो काढून घ्यावा. आपल्या आजोबा-पणजोबांचे फोटो फारसे नाहीत. स्टुडिओत जायला पैसे नव्हते. पण त्यांचा विळा, त्यांची काठी, त्यांचा चुन्याचा डबा कुठेतरी आहे.

एक गोष्ट बजावून सांगतो. हा मनावरचा उपचार नव्हे. मांडणीवरून कोणी कोणाला वेडे किंवा शहाणे ठरवू नये. घरात कोणी झोपत नसेल, जेवत नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर फोटो काढत बसू नये. सरळ डॉक्टरांकडे न्यावे. सरकारने २०२२ साली टेलि-मानस ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवावा. विसरणे वाढले असेल, तर 'म्हातारपण आहे, चालायचेच' म्हणून सोडून देऊ नये. आम्ही तसे सोडले आणि वर्ष घालवले, त्याचा पश्चात्ताप होतो.

येत्या रविवारी दुपारची जेवणे झाली की टेबल खिडकीपाशी ओढा. टेबल नसेल तर पत्र्याची पेटी चालेल. घरातल्या सर्वांत वडील माणसाला खुर्ची द्या आणि म्हणा, तुम्हांला वाटेल त्या चार वस्तू आणून ठेवा. त्यांनी काय आणले ते नीट पाहा. आणि काही विचारण्याआधी थोडा वेळ थांबा. आम्ही थांबलो नसतो, तर ती पोचपावती पेटीच्या तळाशीच राहिली असती.